घरखाण्याला किती रान आणि बाजाराला किती: कोरडवाहू कुटुंबाने मांडायचा हिशेब

वाटणीची बैठक बसली की एक प्रश्न हमखास निघतो: "चार एकरांत घर भागतंय का?" उत्तर बहुधा अंदाजाने दिले जाते, कारण त्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले असतात. घरच्या माणसांना आणि जनावरांना वर्षभर पुरेल एवढे पिकवायला किती रान लागते, हा पहिला. आणि शाळा, दवाखाना, लग्नकार्य, खत-बियाणे यांसाठी लागणारा पैसा उभा करायला किती रान लागते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बऱ्यापैकी ठामपणे काढता येते. दुसऱ्याचे उत्तर पाणी आणि बाजारभाव यांवर एवढे हलते की दोन्ही एकत्र केल्यास कोणतेच हाती लागत नाही. म्हणून आधी घरखाण्याचा हिशेब पूर्ण करावा आणि उरलेल्या रानावरच बाजाराचा विचार करावा.

खालील मांडणीसाठी मी सहा माणसांचे घर, मध्यम काळी जमीन, पावसावरची शेती आणि अर्धा-पाऊण एकर भिजेल एवढे विहिरीचे पाणी धरले आहे. लातूर, धाराशिव, बीड, परभणी या पट्ट्यात अशी घरे पुष्कळ आहेत. उत्पादनाचे आकडे माझ्या वहीतले आणि आसपासच्या शिवारात सर्रास निघणारे आहेत. आष्टी-पाटोद्याच्या बरड रानाला ते जास्त वाटतील, तर किनवट-माहूरकडच्या पावसाला कमी. आकडे आपापले घालावेत, पद्धत मात्र हीच ठेवावी.

आधी पेरणीखालचे क्षेत्र काढावे

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १ गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर आणि अडीच एकरांचा साधारण एक हेक्टर. या क्षेत्रातून पोटखराबा (लागवडीला न येणारी जागा), नाला, विहीर, गोठा, खळ्याची जागा आणि धुरे वजा करावेत. माझ्या नावावर सात एकर आहेत, पण तिफण चालते ती साडेसहा एकरांवरच.

त्यानंतर रानाची खोली पाहावी. दोन-तीन ठिकाणी दोन फुटांहून खोल खड्डा खणला की मुरूम कुठे लागतो ते कळते. एका फुटाच्या आत मुरूम लागला तर ते हलके रान, दोन फुटांपर्यंत मध्यम, त्याखाली काळीच लागत गेली तर भारी. रब्बी ज्वारी ही जमिनीत साठलेल्या ओलीवर येते, त्यामुळे हा एक फूट-दोन फूट फरक म्हणजे एकरी दोन क्विंटल की पाच क्विंटल, एवढा मोठा असतो. भावकीत "समान वाटणी" म्हणून एकर मोजून देतात आणि खोली मोजत नाहीत, हे मला नेहमीच नवलाचे वाटत आले आहे.

माणसांचे खाणे: डबा मोजून

दरडोई इतके ग्रॅम, असा छापील हिशेब करण्याऐवजी एक आठवडा घरातला डबा मोजावा. आम्ही रविवारी सकाळी ज्वारीच्या पिठाचा डबा भरून ताणकाट्याला लावला, गव्हाच्या पिठाचा आणि तांदळाचाही लावला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा लावला. ज्वारी ९ किलो, गहू ४ किलो, तांदूळ २ किलो उतरले होते. म्हणजे आठवड्याला १५ किलो आणि वर्षाला ७८० किलो धान्य. आईने वही पाहिली आणि म्हणाली, "माणसं मोजलीस रे, पण येणारं-जाणारं कोण मोजायचं?" तिचे बरोबर होते. पाहुणे, सण, हुरडा, काढणीला येणाऱ्या माणसांना दिले जाणारे धान्य, पाखरांचा वाटा आणि पुढच्या पेरणीचे बी धरल्यावर ज्वारी पावणेपाच क्विंटलांवरून ६ क्विंटलांवर गेली आणि गहू दोनावरून ३ क्विंटलांवर. तांदूळ आपल्या भागात विकतच घ्यायचा असतो, त्यामुळे तो दुसऱ्या प्रश्नाच्या खात्यात लिहावा.

मध्यम रानात कोरडवाहू रब्बी ज्वारी बऱ्या वर्षी एकरी साडेचार क्विंटल येते, म्हणून ६ क्विंटलांना दीड एकराच्या आत भागते असे वाटते. इथेच चूक होते. परतीचा पाऊस पडला नाही तर तेच रान एकरी दोन क्विंटलांवर येते आणि मग तीन एकर लागतात. दरवर्षी तीन एकर ज्वारी पेरणे परवडत नाही, आणि दीडच एकर पेरली तर वाईट वर्षी उसनवारी ठरलेली. यातून वाट निघते ती साठवणीने. दरवर्षी दोन एकर पेरावी. बऱ्या वर्षी ९ क्विंटल येतील, ६ खाण्याला जातील आणि ३ कोठीत राहतील. दोन बरी वर्षे लागोपाठ मिळाली की एका वर्षाचे पूर्ण खाणे घरात शिल्लक असते. जुन्या माणसांची पेवे आणि बळदे (धान्य साठवायची जमिनीखालची आणि घरातली कोठारे) याच हिशेबाने भरलेली असत. नवी ज्वारी घरात आल्यावरच जुनी विकावी, आधी नाही. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरला तर तो वर्ष-दीड वर्ष चांगला राहतो. कोठीतले ३ क्विंटल म्हणजे वाईट वर्षीचे दीड एकराचे पीक, आणि कोठीची किंमत दीड एकराच्या मानाने किरकोळच.

वाणाची निवडही खोलीप्रमाणे करावी: हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात मालदांडी किंवा परभणी मोती, भारी रानात परभणी ज्योती किंवा फुले वसुधा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान उरकावी.

गव्हाला पाणी लागते, पण रान थोडे लागते. पाच-सहा पाळ्या देता आल्या तर १० गुंठ्यांत ३ क्विंटल गहू निघतो. पाणी नसेल तर गव्हाचा नाद सोडावा. शिधापत्रिका प्राधान्य कुटुंबाची असेल तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, म्हणजे सहा माणसांना वर्षाला ३ क्विंटल ६० किलो. गव्हाचा आणि तांदळाचा बराचसा भार त्यावर उतरवता येतो. ज्वारीचा मात्र उतरवू नये. त्याचे कारण पुढे गोठ्यात आहे.

डाळीचे म्हणाल तर सहा माणसांना रोज ३५०-४०० ग्रॅम धरली तरी वर्षाला सव्वा क्विंटलाच्या वर डाळ लागते आणि तेवढ्यासाठी पावणेदोन ते दोन क्विंटल कडधान्य. यातली तूर वेगळे रान मागत नाही. विक्रीच्या सोयाबीनमध्ये तुरीची आंतरपीक म्हणून पेर केली की घरखाण्याचा क्विंटल सहज निघतो, आणि बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा लवकर येणारा वाण आपल्या पावसाला बरा मानवतो. मूगही फुकटात पडतो. जूनमध्ये पेरलेला मूग ६५ दिवसांत निघतो आणि त्याच रानात सप्टेंबरअखेर ज्वारी पेरता येते. दोन एकर ज्वारीच्या रानापैकी निम्म्यावर जरी मूग घेतला तरी खाऊन विकायला उरतो. हरभऱ्याला १० गुंठे वेगळे ठेवावेत.

तेलासाठी करडई. महिन्याला साडेचार किलो तेल धरले तर वर्षाला ५४-५५ किलो, आणि घाण्यावर शंभर किलोला अठ्ठावीस-तीस किलो तेल पडते म्हणून १९० किलो करडई. कोरडवाहूत त्याला २५ गुंठे लागतात. रान कमी पडत असेल तर पहिली काट इथेच मारावी, कारण काट्यांमुळे करडई काढायला माणूस मिळत नाही आणि तेल विकत मिळते. माळव्याला विहिरीजवळचे ५ गुंठे पुरतात. मिरची, कांदा, लसूण, वांगी, मेथी, शेपू आणि बांधावर शेवगा-कढीपत्ता.

जनावरे माणसांपेक्षा जास्त रान खातात

एक बैलजोडी आणि एक गाय धरा. प्रत्येकी रोज ८ किलो कोरडी वैरण म्हणजे २४ किलो. पावसाळ्याचे चार महिने निम्मी वैरण बांधावरच्या गवताने भागली तरी वर्षाला सात टनांच्या वर वैरण लागते. दोन एकर ज्वारीतून तीन-साडेतीन टन कडबा निघतो. सोयाबीनचे भुसकट, तुरीचे आणि हरभऱ्याचे भूस, गव्हाचे काड मिळून आणखी दोन-अडीच टन. दीड-दोन टनांची तूट राहते, ती विहिरीखालच्या ५ गुंठे हत्तीगवताने कशीबशी भरते.

आता उलटे करून पाहावे. खाण्याची ज्वारी रेशनच्या धान्याने बदलता येते, पण रेशनच्या दुकानात कडबा मिळत नाही. ज्वारीचे दोन एकर हे माणसांइतकेच गोठ्यासाठी असतात, आणि ज्याने ज्वारी मोडून सगळीकडे सोयाबीन केले त्याने नकळत गोठाच मोडायला काढलेला असतो.

हे मी स्वतः करून बसलो आहे. २०१९ साली भावाच्या आशेने साडेसहाच्या साडेसहा एकर सोयाबीन पेरले. पीक चांगले आले, कापून ढीग घातले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पाऊस लागला तो दिवसेंदिवस हटेना. ताडपत्री उचलून हात घातला तर ढीग आतून गरम लागत होता आणि शेंगांतून पांढरे कोंब बाहेर आले होते. वापसा (पेरणीजोगी ओल) येईपर्यंत ज्वारीची वेळ निघून गेली. त्या वर्षी ज्वारी विकत आणली, कडबा विकत आणला आणि फेब्रुवारीत एक बैल विकला.

बैलजोडी ठेवावी की नाही, याचा निर्णय रानावर करावा. पाच एकरांच्या खाली एका घराने जोडी सांभाळणे मला आता पटत नाही. दोन शेजाऱ्यांनी एकेक बैल ठेवून सावड करावी, किंवा नांगरट-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करून गोठ्यात एक गाय आणि दोन शेळ्या ठेवाव्यात. त्यात वैरणीचा भार निम्म्यावर येतो आणि ज्वारी दोनऐवजी दीड एकरावर आणता येते; मात्र दीड एकरात बऱ्या वर्षीही ज्वारीची शिल्लक जेमतेम पाऊण क्विंटल राहते, म्हणून अशा घराने तरी रेशनचा आधार हिशेबात धरलाच पाहिजे.

बेरीज

ज्वारी २ एकर, गहू १० गुंठे, हरभरा १० गुंठे, करडई २५ गुंठे, माळवे ५ आणि हत्तीगवत ५ गुंठे मिळून होतात ३ एकर १५ गुंठे. बैलजोडी नसेल आणि ज्वारी दीड एकरावर आणली तर पावणेतीन-तीन एकर. कालव्याचे किंवा खात्रीचे विहिरीचे पाणी असेल तर ज्वारीचे उत्पादन जवळजवळ दुप्पट होते, करडईला रान कमी लागते आणि सगळे पावणेदोन ते दोन एकरांत बसते. मुरमाड रानात मात्र पाच एकरही अपुरे पडतात.

या बेरजेशेजारी एक सरकारी आकडा ठेवून पाहावा. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे १.३४ हेक्टर जमीन आहे, म्हणजे ३ एकर १२ गुंठे. १९७०-७१ मध्ये हीच सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर होती. त्या काळी घरखाणे काढून सात एकर बाजाराला उरत. आज सरासरी खाते घरखाण्यातच संपते.

बाजारासाठी किती रान

पैशाचा हिशेब मागून पुढे करावा. वर्षाला रोख किती लागते ते आधी लिहावे, मग एका एकरातून सगळा खर्च वजा जाता हातात काय राहते ते काढावे आणि भागाकार करावा. समजा दीड लाख रुपये लागतात. कोरडवाहू सोयाबीन एकरी ६ क्विंटल आले आणि २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे ५,३२८ रुपयांनी गेले, तर ३१,९६८ रुपये होतात. बियाणे, खत, फवारण्या, कापणी, मळणी, वाहतूक यांना माझे एकरी १६ हजारांच्या आसपास जातात. राहतात १६ हजार. दीड लाखाला साडेनऊ एकर हवेत. तेच सोयाबीन ४,३०० रुपयांनी गेले, आणि अलीकडे ते हमीभावाखाली जाणे नवे राहिलेले नाही, तर एकरी जेमतेम ९,८०० राहतात आणि पंधरा एकरही पुरत नाहीत. भाव पाचव्या हिश्शाने पडला की लागणारे रान दीडपटीच्याही पुढे जाते. घरखाण्याच्या साडेतीन एकरांना बाजारभाव शिवत नाही.

कोरडवाहू आणि बागायत यांतले अंतर कायद्यानेही मानलेले आहे. महाराष्ट्राच्या १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यात बारमाही पाण्याच्या जमिनीची मर्यादा १८ एकर आहे आणि कोरडवाहूची ५४ एकर. एक भिजता एकर तीन कोरड्या एकरांबरोबर धरला आहे.

म्हणून बाजाराचे पीक एकर पाहून नव्हे, तर पाणी पाहून निवडावे. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ४,०४७ लिटर पाणी. वर्षाला ६५० मिलिमीटर पडला तर साधारण २६ लाख लिटर. उसाला १,५०० ते २,५०० मिलिमीटर लागते, म्हणजे ६० लाख ते एक कोटी लिटर. उरलेले पाणी कुठून तरी काढावे लागते, आणि ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले तिथे ते कुठून काढले जाते हे सांगायला नको. फळबागेचेही तसेच. मोसंबीला चांगल्या वर्षी चांगला पैसा आहे, पण २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि संभाजीनगरकडच्या किती बागा सरपणाला गेल्या हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या झाडाला मे महिन्यात पाणी द्यावेच लागते ते झाड विहिरीची मेमधली पातळी सलग तीन वर्षे मोजल्याशिवाय लावू नये.

थोड्या रानात पैसा देणारी पिके कोणती, हे जवळची पेठ ठरवते. वसमतच्या बाजूला हळद, जालन्याजवळ रेशीम कोष बाजारामुळे तुती, लातूरच्या आसपास डाळमिलमुळे तूर आणि हरभरा. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर असाल तर अर्धा एकर माळवे पाच एकर सोयाबीनच्या बरोबरीने पैसा देऊ शकते; मात्र रोज पहाटे माल घेऊन जाणारा माणूस घरात असेल तरच.

रान दोनच एकर असेल तर

अशा वेळी दोन्ही गोष्टी पूर्ण करण्याचा हट्ट सोडावा आणि क्रम ठरवावा. माझा क्रम असा आहे: पहिले माळवे आणि मिरची, मग डाळ, मग ज्वारी, शेवटी गहू आणि तेल. माळवे पहिले अशासाठी की पाच गुंठ्यांत ते सर्वांत जास्त रोख वाचवते, आणि विकत घ्यायचे झाल्यास तेच आधी ताटातून गळते. लातूर-धाराशिवच्या गावांत 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने बायकांसोबत उभे केलेले एक एकराचे मॉडेल याच अंगाने जाते: घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या निर्णयाखाली घ्यायचा आणि त्यात नगदी पीक न घेता धान्य, कडधान्य, भाजी मिसळून लावायची. २०१६ साली संस्थेला इक्वेटर पुरस्कार मिळाला. गावात पाहिले तर बदल साधा दिसतो. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या सणाच्या, भज्जीला (मिश्र भाजीला) तुरीच्या शेंगा, वाल, हरभऱ्याचे घाटे स्वतःच्या रानातले की बाजारातून किलोवर आणलेले, यावरून कोणाच्या घरी असा तुकडा आहे ते लगेच कळते. सगळे रान सोयाबीनचे असलेल्या घरी येळवशीच्या आदल्या दिवशी पिशवी घेऊन बाजार गाठावा लागतो.

अशा घराला रोखीसाठी मजुरी, दूध, शिवणकाम, दुकान असा दुसरा आधार लागणारच, आणि तो हिशेबात उघडपणे लिहावा. दोन एकरांतून घरखाणेही निघेल आणि शिक्षणाचा खर्चही निघेल, असे गृहीत धरून काढलेले कर्ज शेवटी त्या दोन एकरांवरच येते.

हा हिशेब दरवर्षी पाडव्याच्या सुमारास, रब्बी घरात आल्यावर पुन्हा मांडावा. वाटणी होणार असेल तर मात्र वाटणीच्या आधी मांडावा. साडेसहा एकरांचे सव्वातीन-सव्वातीन होतात तेव्हा माणसे निम्मी झालेली असतील, पण विहीर एकच राहते आणि चूल, गोठा, औत दोन होतात. विहिरीचे पाळीचे दिवस, मोटारीचे बिल, जाण्या-येण्याची वाट आणि हत्तीगवताचे ते ५ गुंठे कोणाच्या बाजूला पडतात, हे वाटणीपत्रात नावनिशीवार लिहून नोंदवून घ्यावे.